गाडी तपासून सोडली

माझा थोरला भाऊ भूमचा खवा पिकअपमधून धाराशिवला पोचवायचा. उन्हात खवा टिकत नाही म्हणून तो वर ओली गोणपाटं टाकायचा आणि वाटेत चहालाही थांबायचा नाही. त्या दुपारी मात्र थांबला. एका लिंबाखाली गाडी नीट कडेला घेतली आणि स्टीअरिंगवर डोकं टेकवून गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

दहाव्याला त्याच्या ओळखीचा एक ड्रायव्हर आला. म्हणाला, "मागच्या फाट्यावर पोलिसांनी अडवलं हुतं त्याला. म्या जाताना बघितलं. उन्हात उभा हुता."

वहिनीनं तोंडाला लावलेला पदर खाली घेतला. "काय बोलत हुते?"

ते त्याला ठाऊक नव्हतं.

तिला कुणाला शिक्षा व्हायला नको होती. छातीत दुखतंय असं भाऊ कुणाला बोलला का, एवढं तिला हवं होतं. आम्ही मोबाईलवर गाडीचा नंबर टाकून बघितला. दंड झालेला नव्हता. ठाण्यात गेलो तर हवालदार म्हणाले, "ताई, दिवसभर गाड्या अडवतो आम्ही. दंड नसला तर कुठं लिहून ठेवणार?" मग मी माहिती अधिकारात अर्ज केला. माहिती उपलब्ध नाही, असं उत्तर आलं. वहिनी म्हणाली, "वन्सं, आनखी एकदा इचारा." मी अपील केलं.

सुनावणीला आम्ही दोघी धाराशिवला गेलो. अपील ऐकणाऱ्या साहेबांनी वहिनीला आधी खुर्ची दिली. त्यांनी ठाण्याची डायरी मागवून घेतली होती. त्या दुपारच्या पानाची प्रत त्यांनी आमच्यापुढं सरकवली. भावाच्या गाडीचा नंबर होता, आणि पुढं: गाडी तपासून सोडली.

"येवढंच?" वहिनी म्हणाली.

"नोंदीत एवढंच असतं, ताई."

"पण माणूस कायतरी बोललाच आसंल की, साहेब."

"तिथं असलेला शिपाई बदलून गेलाय. मी फोन करून विचारलं त्याला. आठवत नाही म्हणतो."

परतीच्या एसटीत तो फाटा आला तशी वहिनी उठली आणि कंडक्टरला गाडी थांबवायला लावली. मीही मागोमाग उतरले. बॅरिकेडपाशी एक तरुण शिपाई उभा होता. ती सरळ त्याच्यापुढं गेली.

"साहेब, हितं अडवल्यावर मानसं काय बोलत्यात?"

तो गोंधळला. माझ्याकडं बघितलं. मी दोन शब्दांत सांगितलं तेव्हा त्यानं टोपी काढून हातात घेतली. "काय बोलणार, मावशी. सोडा साहेब, उशीर होतोय, म्हणतात. सगळेच."

वहिनीनं मान हलवली. त्यानं आपल्या बाटलीतलं पाणी दिलं, ते ती प्याली. मागून आलेली एसटी त्यानंच हात करून थांबवली.

घरी आई ओट्यावर वाट बघत बसली होती. चपला काढायच्या आतच तिनं विचारलं, "कळलं का गं काही?"

"व्हय," वहिनी तिच्याजवळ बसत म्हणाली. "खवा खराब हुईल, उशीर व्हतोय, सोडा साहेब, म्हनले. दुखतंय म्हनून कायबी बोलले न्हाईत. दुखतच नसंल."

आई तिचा हात धरून रडायला लागली. प्रत माझ्या पिशवीत होती. मी ती बाहेर काढली नाही.