एलेनीताईंच्या आईंना न ऐकू दिलेलं गाणं

एलेनीताई आणि लार्स यांना मी प्रथम भेटलो ते अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या एका शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांचा कार्यक्रम होता आणि मी मंडळाचा सेक्रेटरी, त्यामुळे अंगात बरंच वारं होतं. एलेनीताईंचे आईवडील ग्रीसमधल्या एका बेटावरून आलेले, लार्स यांचे पणजोबा स्वीडनहून. परमुलखात गेलेल्या माणसांची ग्रीक गाणी ताईंनी म्हणायची आणि लार्स यांनी त्यांना उत्तर युरोपातल्या नाचाचा धडधडता ठेका द्यायचा, असं या जोडीचं काम गेली तीस वर्षं चाललं आहे. "आधी रडवायचं, मग नाचवायचं," असं लार्स हसत सांगतात.

यंदा दोघांचीही साठी. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात प्रत्येकाने आपल्या भाषेत लिहावं, हा ताईंचा आग्रह. माझा लेख माझी मुलगी सायली त्यांना इंग्रजीत वाचून दाखवणार आहे. तिला बुझुकी हे ग्रीक तंतुवाद्य ताईंनीच शिकवलं. ती पहिल्यांदा स्टेजवर चुकली तेव्हा ताई मुद्दाम त्याच जागी चुकल्या, त्यामुळे लोकांना ते ठरवून केल्यासारखं वाटलं.

माझ्या पत्नीच्या ऑपरेशननंतर दोन आठवडे त्या रोज लिंबू पिळलेलं सूप घेऊन बर्फातून येत. मी संकोचलो की म्हणत, "तुम्ही माझ्या आईला जपलंत." हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकतो आहे आणि प्रत्येक वेळी माझी मान खाली जाते.

त्या गणेशोत्सवात त्यांचं शेवटचं गाणं फार संथ सुरू झालं. ठेका येईना. किचनच्या दारातून आमचे वसंतकाका खुणा करत होते. आमच्या मंडळात पुऱ्या तळून झाल्या की कलाकाराची वेळ संपते. मी बाजूचा माइक उचलला आणि गाणं चालू असतानाच म्हणालो, "जेवण रेडी आहे, सीनियर्सनी आधी चला प्लीज!" हॉल उठला. पहिल्या रांगेत ताईंच्या वृद्ध आई बसल्या होत्या. मी त्यांना आदराने हाताला धरून थेट रांगेच्या तोंडाशी नेलं. ताई उठलेल्या पाठींसमोर गाणं पूर्ण करत राहिल्या.

नंतर त्या धावत आल्या. "आई का उठली? बरं नाहीये का तिला?" मी म्हणालो, "चक्कर येत होती, म्हणून बाहेर आणलं." त्यांनी मला मिठी मारली आणि मी ती मारू दिली.

त्याच हिवाळ्यात आई गेल्या. अंत्यविधीनंतर लार्स यांनी मला सांगितलं की ते गाणं म्हणजे आईंच्या आईची अंगाई होती. ताईंनी ती लपवून बसवली होती, आई समोर बसलेल्या असताना एकदा म्हणायला. आईला धड ऐकताही आलं नाही, म्हणून त्यांनी ते पुन्हा कधी म्हटलं नाही.

एलेनीताई, आईंना चक्कर आली नव्हती. त्यांनी दोनदा माझ्या हातातून हात सोडवला. स्टेजकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "माय मदर, माय मदर." मला वाटलं, तुमच्याबद्दल काही सांगताहेत. मी म्हणालो, "येस येस, फूड फर्स्ट." पुढे अर्थ कळला, तेव्हाही मी गप्प बसलो, कारण खरं सांगितलं असतं तर माझी लबाडी उघडी पडली असती. आईंनी अंगाई ओळखली होती. ही गोष्ट तुमची होती आणि माझी लाज झाकायला मी ती अकरा वर्षं दाबून ठेवली. मला त्याची फार शरम वाटते.

सायली, यातलं काही गाळू नकोस. तुलाही मी चक्करच सांगितली होती.

एलेनीताई आणि लार्स यांना शंभरी निरोगी गाठता यावी, बोटं आणि गळा शेवटपर्यंत साथ देवोत. ती अंगाई त्यांनी पुन्हा म्हणावी. मला बोलावलंच पाहिजे असं नाही.