थोडं डावीकडे

समोरचे नाना रोज सकाळी गच्चीवर चढून टीव्हीचा अँटेना फिरवतात. मनोऱ्यावरून येणारं जुनं प्रक्षेपण बंद झालं, तेव्हा सांगितलं होतं की याच अँटेनावर आता डिजिटल येईल, आरशासारखं स्वच्छ आणि फुकट. नानांनी त्यासाठी लागणारा डबा लगेच आणून ठेवला. त्यालाही आता वर्षं लोटली. डिजिटल काही आलं नाही.

"आलं का गं?" नाना वरून ओरडतात.

"नाही अजून. थोडं डावीकडे!" पायरीवर मेथी निवडणाऱ्या काकू मान वर न करता सांगतात.

आत टीव्ही बंदच असतो. मी एकदा तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "असू दे. खाली आले की माझं डोकं खातात."

डिजिटलबद्दल दरवर्षी 'लवकरच' म्हणणारे दूरदर्शनचे साहेब मला त्या दिवशी कळले. आशेवर ठेवलेला माणूस वरच राहतो, खाली येऊन जाब विचारत नाही.

आज काकू देवळात गेल्यात. ऊन चढलंय, नाना अजून वरच आहेत. मला अंगणात पाहून त्यांनी विचारलं, "आलं का रे?"

खरं सांगितलं असतं, तर ते माझ्याकडे येऊन बसले असते.

"थोडं डावीकडे," मी म्हणालो.