फुगलेला डबा आणि आत्याबाई

डबा तिसऱ्यांदा वाजला तेव्हा माझी सासू त्याच्यावर बसलेली होती.

"टाण्ण!"

पुढच्या रांगेतला एक गोरा दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली वाकला. त्याची बायको किंचाळली. तिला बघून मागची एक किंचाळली. (तिला डबा दिसतही नव्हता.) हवाई सुंदरी हातातला ट्रे तसाच धरून आमच्यापुढं उभी राहिली. तिच्या तोंडावरचं हसू जे गेलं, ते प्रवास संपेपर्यंत मला काही पुन्हा दिसलं नाही.

"तिखट हाय," सासूबाई तिला म्हणाल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. "साधं तिखट हाय, बाई. तू जा, च्या आण."

त्या पोरीला मराठी कुठलं कळायला! आणि त्या वर्षांत विमानं पळवायचं खूळ निघालेलं. रोज पेपरात यायचं. अशात आम्ही दोघी नऊवारीतल्या बाया, आमच्यापाशी चारी बाजूंनी बंद केलेला पत्र्याचा डबा, आणि तो आतून ठोके देतोय!

डबा आमचाच होता, हे मी नाकबूल करत नाही.

सत्तर-बाहत्तर सालचा सुमार असेल. आमचे हे आधी पिंपरीत एका कारखान्यात टूलरूमला होते, तिथून कॅनडातल्या कारखान्यात लागले. वर्षभर तिकडं ओव्हरटाइम केला आणि आम्हा दोघींना तिकिटं धाडली. चिखलीची जमीन आधीच कारखान्यांखाली गेलेली. मग चिंचवडच्या चाळीतली खोली मालकाला परत केली, म्हैस विकली, भांडी नणंदेनं नेली. (नको नको म्हणत पाटा-वरवंटासुद्धा नेला.) निघताना सगळ्या आळीनं हार घातले. म्हणजे मागं यायला आम्हाला घरही नव्हतं आणि तोंडही नव्हतं.

ह्यांनी कळवलं होतं, की इथं सगळं मिळतं, फक्त तिखट मिळत नाही, इथली मिरची गोड लागते. ते ऐकून आत्याबाई जेवल्या नाहीत.

"माजं लेकरू गोड मिरची खातंय! श्या!"

दुसऱ्या दिवशी अंगणात मिरच्या पसरल्या. वाळवल्या, भाजल्या, कुटल्या. शेजारपाजार ठसकून घरात जाऊन बसला. वनस्पती तुपाचा चौकोनी डबा तिखटानं भरला. आता हा विमानातून न्यायचा कसा? सांडला तर?

माझा भाऊ दत्तू भोसरीला पत्र्याच्या शॉपमध्ये कामाला होता. टाक्या बनवायचा. तो म्हणाला, "आक्का, पिशवी फाटती, बरणी फुटती. डबा दे माज्याकडं."

त्यानं कथील वितळवून झाकण चहूबाजूंनी झाळून पक्कं बंद करून टाकलं. वर आम्हाला शॉपवर बोलावलं. डबा पाण्याच्या पिंपात बुडवून धरला आणि म्हणाला, "बगा समद्यांनी. बुडबुडा येतोय का?"

"न्हाई."

"येनारच न्हाई! आक्का, तिखटाचं सोड, आता हवासुदिक भाईर येत न्हाई!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. हसू नका. आमच्याकडं टाकी गळली नाही, की शॉपमधली माणसं टाळ्या वाजवत. गळली की परत खोलून रात्रपाळी करावी लागे, म्हणून.

मुंबईला कस्टमवाला म्हणाला, "उघडा."

"तुमीच उघडा," आत्याबाई म्हणाल्या.

त्यानं नख लावून पाहिलं, किल्ली लावून पाहिली, मग कान लावून पाहिला. मागं रांग वाढायला लागली. आत्याबाईंनी त्याला त्याचं गाव विचारलं, बायको कुठली ते विचारलं. तिसऱ्या प्रश्नाआधी त्यानं डब्यावर खडूनं फुली मारली आणि आम्हाला पुढं घालवलं.

विमान वर गेलं. कानांना दडे बसले. मी डबा मांडीवर घेऊन बसले होते. थोड्या वेळानं बघते तर त्याच्या सपाट बाजू गोल व्हायला लागलेल्या!

"आत्याबाई, डबा फुगतोय."

"तू पोट आत घे. तुजंच लागत आसंल."

"अहो, खरंच फुगतोय! हात लावून बघा."

त्यांनी हात लावला आणि डबा वाजला. टाण्ण! पत्रा एकदम बाहेर आला होता. आत्याबाईंनी तो तळव्यानं दाबला. तो आत गेला आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आला. टाण्ण! मग त्या उठल्या, डबा माझ्या मांडीवरून ओढून आपल्या सीटवर ठेवला आणि त्याच्यावर बसल्या. अंगानं भरलेली बाई. त्यांचं डोकं वरच्या सामानाच्या फळीला टेकलं. आता ह्याची बिशाद काय फुगायची, अशा तोऱ्यात त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, आणि तिसरा ठोका पडला.

आमच्या पलीकडं एक पुण्याचे टायवाले साहेब होते. कुठल्याशा कारखान्यात इंजिनीअर. मुंबईपासून त्यांनी आमच्याकडं पाठच केली होती, आपल्याला मराठी येतं हे कळू नये म्हणून. आता त्यांना वळावंच लागलं.

"बाई, काय आहे डब्यात?"

"तिखट."

"मग फुगतो कसा?"

"ते तुम्ही सांगा. शिकलेले तुम्ही. मी चौथी पास."

त्यांनी डबा निरखला, कथलाची झाळ पाहिली आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, "अहो, इतक्या उंचावर विमानातली हवा विरळ असते. तुम्ही डब्यात खालची दाट हवा कोंडून आणलीत. ती आता बाहेर यायला बघतेय."

"म्हंजे ह्यात भोसरीची हवा हाय व्हय?" आत्याबाईंनी विचारलं.

"हो, आजी."

"मग ऱ्हाऊ द्या. त्येला बी बरं वाटंल."

तेवढ्यात खांद्यावर सोनेरी पट्ट्या लावलेला विमानाचा अधिकारी आला. तो इंग्रजीत बराच वेळ बोलला. साहेबांचा चेहरा उतरत गेला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, डबा आत्ता उघडून दाखवा. नाहीतर पुढच्या मुक्कामाला तुम्हाला पोलिसांच्या ताब्यात देणार."

"आणि मग?"

"मग मुंबईचं परतीचं विमान."

मला चाळीतली ती खोली दिसली. आता तिथं दुसऱ्यांचा संसार. मला हार घालणाऱ्या बायका दिसल्या, त्यात नणंद सगळ्यांत पुढं, कडेवर माझा वरवंटा. कुठं जायचं आम्ही? पण घाबरले तरी हात थांबत नाहीत माझे, हा लहानपणापासूनचा दोष आहे.

"त्याला म्हणावं, पेचकस आण," मी म्हणाले.

अधिकाऱ्यानं पेचकस आणला. झाकण उचकटायला गेला तर पेचकसाला धरायला फटच सापडेना. (दत्तूचं काम!) मी त्याच्या हातातून पेचकस घेतला. साहेबांना सांगितलं, "त्याला सांगा, माझा भाऊ पत्र्याच्या शॉपमध्ये आहे." जसं काही भावाचं काम बहिणीच्या हातात आपोआप उतरतं!

"आत्याबाई, उठा."

"उटनार न्हाई. सांडलं म्हंजे?"

"उठा, नाहीतर मुंबईला जायचंय."

त्या उठल्या. उठताना डब्यानं चौथा ठोका दिला. मी साहेबांचा एक बूट मागून घेतला, पेचकस डब्याच्या सगळ्यांत फुगलेल्या जागी टेकवला आणि बूट हाणला. (दत्तूला पुढं हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "आक्का, आदी ओलं फडकं टाकायचं, मग कडंला बारीक भोक पाडायचं." हे त्यानं टाळ्यांच्या वेळी सांगायला हवं होतं.)

फुस्स्स्!

लाल फवारा थेट छताला लागला. तिथून तो सगळीकडं पसरला. क्षणभर काहीच झालं नाही. मग पहिल्या रांगेत कुणीतरी शिंकलं. मग दुसरीत, मग तिसरीत, आणि मग आख्खं विमान एका दमात शिंकायला लागलं! गोरा खोकतोय, त्याची बायको खोकतेय, अधिकाऱ्याच्या डोळ्यांतून धारा लागल्यात. साहेबांचे पांढरे केस लालभडक झालेले आणि एका पायात बूट नाही. विमान जरासं डुललं तेव्हा मी ओळखलं, की ठसका पार पुढं, चालवणाऱ्यापर्यंत पोचलाय. त्या वेळी मात्र मी डोळे मिटून घेतले. नुसते भीतीनं नव्हे, तिखटही गेलं होतं.

सगळ्या विमानात एकच माणूस शांत होतं. आत्याबाईंनी बोटावर तिखट घेतलं, चाखलं आणि म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय."

"आजी, लोक मरतायत!" साहेब ओरडले.

"कुनी मरत न्हाई. मिरचीनं ठसका लागला, म्हंजे कुनालाच दिष्ट लागलेली न्हाई. ठसका न्हाई लागला तर भ्यायचं. सांगा त्यास्नी."

साहेबांनी ते सांगितलं की नाही, देव जाणे. सांगितलं असेल तर त्यांची इंग्रजी मानली पाहिजे.

हवाई सुंदरीनं सगळ्यांना साखर वाटली, दूध वाटलं, शेवटी आइस्क्रीमही वाटलं. आत्याबाईंनी दोन घेतली.

मुक्कामाला विमान उतरलं तर खाली पोलिसांची गाडी उभीच होती. एक धिप्पाड पोलीस आत आला. डब्यात तिखट नसून दुसरंच काही असावं, असा त्याला संशय. त्यानं चिमूट उचलली, हुंगली आणि जिभेवर ठेवली. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत ठेवली! त्याचा चेहरा कानापासून रंगत गेला. तो वळला आणि पाणी शोधत पळाला.

त्याचा साहेब दारातूनच आमच्या अधिकाऱ्याला काहीतरी म्हणाला. अधिकारी उलटून काही म्हणाला. दोघांत चांगलंच जुंपलं.

"काय चाललंय?" मी पुण्याच्या साहेबांना विचारलं.

"अधिकारी म्हणतो, ह्यांना उतरवून घ्या. पोलीस म्हणतो, बायका उतरवतो, डबा तुमच्याकडं ठेवा."

म्हणजे सगळं डब्यापाशी अडलं होतं! मी उठले, डबा कडेवर घेतला. भोक त्यांच्याकडं येईल असा धरला.

"साहेब, सांगा त्यांना. आम्ही उतरतो. पण डबा आमच्याबरोबर उतरेल, आणि तुमच्याच चौकीत आमच्याशेजारी बसेल. आता तो उघडा आहे."

साहेबांनी सांगितलं. पोलिसाच्या साहेबानं डब्याकडं पाहिलं, पाण्याच्या नळाखाली डोकं घालून बसलेल्या आपल्या माणसाकडं पाहिलं, आणि जिना उतरून गेला. आमच्या अधिकाऱ्यानं भोकावर स्वतःच्या हातानं पट्टी चिकटवली. एक नाही, पाच. मग दार लागलं आणि विमान आम्हाला घेऊन उडालं.

कॅनडात आमचे हे जाडजूड कोट घालून आम्हाला न्यायला आले होते. आम्ही दोघी डोक्यापासून पायापर्यंत लाल. ते आधी न ओळखता आमच्या समोरून निघून गेले, मग परत आले.

"काय गं हे? वाटेत मिरवणूक होती का?"

मला खूप काही सांगायचं होतं. तोंड उघडलं तर आवाजच नाही! ठसक्यानं घसा बसला होता, तो आठवडाभर सुटला नाही. त्या विमानातली सगळी माणसं वाचली: चालवणारा, अधिकारी, साहेब, तो नळाखालचा पोलीस, आत्याबाई आणि मी. एकट्या माझ्या आवाजाचं तेवढं बरंवाईट झालं, आणि आमचे हे अजून म्हणतात, की परदेशातला त्यांचा सगळ्यांत सुखाचा आठवडा तोच.