लाइनीतून हट!

मी लेकीच्या बाळंतपणाले कॅनडाले गेली, तेव्हा बाबाले विसर पडायले सुरुवात झालीच होती. चष्मा फ्रिजमध्ये ठेवत, जेवण झाल्यावर पुन्हा जेवायले मागत. डॉक्टरनं सांगितलं होतं, ओळखीची माणसं जवळ राहू द्या. अन् सगळ्यात ओळखीचं माणूस, म्हणजे मी, बॅग भरून राहिली होती. काय करता! पोरीच्या पहिल्या बाळंतपणाले आई गेली नाही तर लोक तोंडात शेण घालतात.

"लवकर येजो माय," बाबा म्हणाले, "नाई तं मी तुले विसरून जाईन."

"विसरा तं खरं, मग पाहते तुमाले!" मी हसून म्हटलं, अन् नवऱ्याच्या भरवशावर त्याईले भिलाईले नेहरू नगरच्या घरी सोडून गेली.

बाबा दुर्गच्या लाइनीवर गँगमन होते. रूळ, गिट्टी, हातोडा, यातच जन्म गेला. आमच्या घरी देवाच्याही आधी एक नियम होता: दोन रुळांच्या मधून चालायचं नाही, बाजूनं चालायचं. लहानपणी एकदा मी मधून चालली, तर बाबानं अशी थापड हाणली की कान वाजला. मारून झाल्यावर तेच रडत बसले.

तिकडं बाळ जरा मोठं झाल्यावर एका रविवारी सकाळी सकाळीच लेक मले नदीकाठी घेऊन गेली. नदी गोठलेली, अन् तिच्या काठानं झाडांमधून बर्फाचे रस्ते, त्याले फाटे फुटलेले. मशीननं बर्फ दाबून सपाट केलेला, अन् एका कडेनं दोन सारख्या नाल्या कोरलेल्या. पायाले लांब पट्ट्या बांधायच्या, त्याले स्की म्हणतात, त्या नाल्यांत ठेवायच्या, हातात दोन काठ्या घ्यायच्या अन् घसरत जायचं. लोकाईले नाल्या दिसल्या असतील. मले लाइन दिसली! तिच्यात पाय काही केल्या पडेना. मी स्की काढून हातात घेतल्या अन् बाजूच्या सपाट बर्फावरून शहाण्या पोरीसारखी चालू लागली. मागं वळून पाहते तर अगं बाई, भोकंच भोकं! मागून आलेली एक गोरी बाई थांबून हसत काहीतरी बोलली. लेकीचं तोंड एवढंसं झालं.

"आई, पायानं खराब होते ना ते. इथं लाइनीतच राहा लागते."

झालं! गेली लाइनीत. आपटली, उठली, मग जमलं. अन् खरं सांगते, इतका आनंद मले कित्येक वर्षांत झाला नव्हता. ना कुकर, ना बाबाच्या गोळ्या. बाबाची आठवण आली, तीही मिरवायले. तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. भिलाईत दिवेलागण झाली होती. नवऱ्यानं फोन बाबापुढं धरला, अन् मी कॅमेरा खाली करून पायाखालच्या नाल्या दाखवल्या.

बाबाचा चेहरा पांढरा पडला. "लाइनीत कावून उभी आहेस? हट! गाडी येऊन राहिली, हट माय!"

मी हसतच सुटली. "बाबा, इथं गाडी नाई येत. बर्फ आहे, बर्फ!"

ते ओरडतच राहिले. माझी बोटं गारठली होती, लेक पुढं जाऊन हाका मारून राहिली होती. मी फोन कापला. "पाहा बाबा, लाइनीतून उतरली मी," एवढं म्हणायले काय जात होतं माझं? नंतर नवरा म्हणाला, झोपले ते. मग मीही विसरली. पुढच्या रविवारी पुन्हा गेली घसरायले.

परत आली तेव्हा बाबा व्हरांड्यात खुर्चीवर बसून रस्त्याकडे पाहून राहिले होते. मी पाया पडली.

"या बाई, बसा."

बाई! जन्मभर मले माय म्हणणारा माणूस.

"बाबा, मी आली ना."

"माही पोरगी लाइनीवर गेली आहे," ते म्हणाले. "गाडीची वेळ झाली. आवाज देतो तं ऐकत नाई. हसते."

"उतरली ती, बाबा."

"तुमी कशाले सांगता? ती येऊन सांगन ना."

हायवेवरून ट्रक गेला की ते आजही दचकून उठतात. नवरा म्हणतो, आजारच आहे तो, तुझा काय दोष, होणारच होतं. असन. पण सगळं विसरताना बाबानं एवढं एक लक्षात ठेवलं, अन् ते मीच त्याईले दिलं. याचं पाप मी कुठं फेडू?

काल पुन्हा म्हणाले, "बाई, तुमचा आवाज मोठा आहे. जरा तिले हाक मारा ना."

मी फाटकापाशी गेली अन् माझ्याच नावानं हाका मारू लागली. रस्त्यावरचे लोक पाहून राहिले होते.

मागून बाबा म्हणाले, "अजून जोरात."