आधी गुरं सोडीन

"चपला बघा म्याडम, चपला. तोंडाकडं काय बघताव?"

लेकरू आत परीक्षेला बसलं की मावशी दाराबाहेर वाकून त्याच्या चपला सरळ करायच्या. टाचा भिंतीकडे, तोंड जिन्याकडे, म्हणजे निघताना पाय नुसते सरकवले की झालं. आणि मग आत येऊन माझ्या कानाशी हे वाक्य.

लातूरला शिकवणीवर्गांच्या गल्लीत आमचं बुद्धिमापन केंद्र आहे. त्या गल्लीतून गेला असाल तर अशा पाट्या तुम्हीही वाचल्या असतील. आईबाप लेकराला घेऊन येतात, त्याचं डोकं किती चालतं ते मोजून घेतात आणि आकडा हातात पडला की कुठल्या वर्गात घालायचं ते ठरवतात. मोजणारी मी. बिलोलीकडची, नांदेडला शिकलेली, पदवी भिंतीवर काचेत लावलेली. मावशी झाडलोट आणि चहापाणी बघायच्या. माहेर लोहा तालुक्यातलं, पन्नाशी उलटलेली.

रविवारी बाहेर तीस-पस्तीस जोड पडायचे. मावशी ज्याचा त्याला बरोबर काढून द्यायच्या, कुणाला एका शब्दानं विचारायच्या नाहीत. मला मेलीला खोड्या काढायची हौस. एकदा दोन मुलींच्या हुबेहूब सारख्या काळ्या सँडल मी गुपचूप बदलून ठेवल्या. मावशींनी एक नजर टाकली आणि पुन्हा जागच्या जागी केल्या. "ही पोरगी डावा अंगठा दाबून चालती," म्हणाल्या, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट आत गेले.

एक मुलगा आला होता, शाळेत सतत पहिला येणारा. आमच्याकडे मात्र सोपी सोपी कोडी त्याला सुटेनात. मी कागदावर 'एकाग्रता कमी' असं लिहूनही टाकलं. मावशी म्हणाल्या, त्यानं बुटाची नाडी न सोडता बूट ओढून काढलेत, पोरगं सकाळपासून उपाशी आहे, त्याला बळ नाही. त्यांनी आपल्या डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी त्याला खाऊ घातली. अर्ध्या तासानं त्यानं तीच कोडी फटाफट सोडवली. मी लिहिलेलं खोडलं, पण मावशींना शाबासकी काही दिली नाही. माझा तोरा होता ना.

दोन वर्षं त्या माझ्यामागे लागल्या होत्या, "माझंबी डोकं मोजा की एकदा." मी हसण्यावारी न्यायची. एकदा वैतागून विचारलं, कशाला हवंय तुम्हाला? तेव्हा त्यांनी सांगितलं. तिसरीत असताना गुरुजी घरी आले होते आणि वडिलांना म्हणाले होते, हिला डोकं नाही, हिला शेळ्यांमागं धाडा. दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद.

"त्यांचं खरं व्हतं का, एवढंच बघायचंय मला," मावशी म्हणाल्या.

एका दुपारी केंद्र चालवणारे आमचे सर नांदेडच्या शाखेत गेले होते, केंद्रात कुणी नव्हतं. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांना तेल लावून आल्या. आपल्या चपला दाराबाहेर सरळ ठेवल्या आणि माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसल्या. दोन वर्षं त्या खोलीतली फरशी पुसत होत्या, पण त्या खुर्चीवर कधी टेकल्या नव्हत्या.

पहिल्यांदा लाल-पांढरे ठोकळे. चित्रासारखी नक्षी जुळवायची आणि मी घड्याळ लावणार. घड्याळ सुरू झालं आणि मावशींनी पहिला ठोकळा उचलून पदरानं पुसला. मग दुसरा. लेकरांचे घामट हात लागून ते मळले होते. नऊच्या नऊ ठोकळे लख्ख करून त्यांनी नक्षी जुळवायला घेतली आणि अगदी बिनचूक जुळवली. वेळ केव्हाच संपला होता. मी शून्य लिहिलं.

मग प्रश्न. घराला आग लागलेली दिसली, तर सगळ्यात आधी काय कराल?

"आधी गुरं सोडीन," त्या लगेच म्हणाल्या. "माणसं पळत्यात. बांधलेलं जनावर कुठं पळंल?"

गुण कसे द्यायचे त्या माझ्या छापील पुस्तिकेत दोनच उत्तरं होती: अग्निशमन दलाला फोन करणे, किंवा शेजाऱ्यांना बोलावणे. मी पुन्हा शून्य लिहिलं. पेन थोडं अडखळलं, एवढंच.

आता एक गोष्ट कबूल करते. पैसे भरून आलेल्या आईबापांना आमच्याकडे कधी वाईट आकडा मिळत नाही. ते हिरमुसून जाऊ नयेत म्हणून सर चार गुण वर टाकायला सांगतात आणि मी टाकते, खाली सहीसुद्धा करते. पण मावशींची बेरीज झाली तेव्हा माझ्या अंगात सत्य संचारलं. त्याही म्हणाल्या होत्या, मन राखू नका, खरं सांगा. मी सांगितलं. आकडा सांगितला, आणि तो सर्वसाधारणापेक्षा बराच खाली येतो, हेही सांगितलं.

मावशी टेबलावरचे ठोकळे एकेक करून डब्यात भरायला लागल्या.

"मंजी गुर्जी खरंच बोलले व्हते," त्या म्हणाल्या. "उगं इतकी वर्षं शिव्या दिल्या मी त्यांना."

त्यानंतर त्या कुठल्याच लेकराबद्दल बोलल्या नाहीत. मी मुद्दाम विचारायची, मावशी, हे पोरगं कसं वाटतं? "मला काय कळतंय म्याडम, तुमी मोजा," म्हणायच्या आणि कपबशा विसळायला जायच्या. मग एका रविवारी त्यांनी माझ्याकडून चिठ्ठ्यांवर आकडे लिहून घेतले. एक चिठ्ठी चपलेत, एक लेकराच्या हातात. आपल्याकडून चूक व्हायला नको, म्हणाल्या. तीस-पस्तीस जोड नजरेनं ओळखणारी ती बाई चिठ्ठीवरचा आकडा बोट ठेवून वाचायला लागली. मला बघवेना. पण मी चिठ्ठ्या लिहून देत राहिले.

दिवाळीनंतर त्यांनी काम सोडलं आणि गावाकडे भावापाशी राहायला गेल्या. जाताना माझ्या चपला तेवढ्या जिन्याकडे तोंड करून ठेवल्या होत्या. चिठ्ठ्या आम्ही पुढेही चालू ठेवल्या.

त्यांच्या गुणांचा कागद माझ्या खणात आहे. गेल्या महिन्यात तो हाताला लागला आणि मला राहवलं नाही, मी फोन केला. त्यांनी आधी जेवलाव का म्हणून विचारलं. मी म्हटलं, मावशी, तुमचं ते आगीचं उत्तर बरोबर होतं. मी लहान असताना आमचा गोठा पेटला होता, तेव्हा आजोबांनी आधी दावीच कापली होती. ते मला त्या दिवशीही आठवलं होतं. पुस्तिकाच चुकीची आहे.

पलीकडे शेळ्या ओरडत होत्या.

"मग त्या दिशी का न्हाई सांगितलं, म्याडम?"

मी तो कागद पुन्हा खणात सरकवला. त्यांनी फोन ठेवला. बाहेर एक मुलगी रडत होती. चौदा नंबरची चिठ्ठी तिच्या हातात होती आणि चपला दुसऱ्याच कुणाच्या.