इंदूताईच्या बॅगेतला अडॅप्टर

काही वर्षांपूर्वी मी तरुण होते, म्हणजे सहासष्टची, आणि त्या वयात माणसाला वाटतं की आपल्याला सगळं समजतं. त्या जोशात मी तुमसरच्या दुकानातून कॉम्प्युटरला लावायचे वायफायचे अडॅप्टर आणले. एक नाही, दोन. एक माझ्या सिहोऱ्याच्या घरासाठी आणि दुसरा इंदूताईला पुण्याला न्यायला. माझी पक्की समजूत अशी की हे दोघं फक्त एकमेकांशी बोलतात. फोन कसा दोन्ही टोकांना लागतो, तसं. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, हे कृपा करून कोणाला सांगू नका.

इंदूताई माझी शेजारीण. दवाखान्यात सिस्टर होती, नोकरी संपली तरी गाव तिला सिस्टरच म्हणायचं. कुठलीही वस्तू घेताना ती तिचे गुण ऐकूनच घेत नसे. "चांगलं चांगलं तू घरी सांगजो. याची खोट काय, ते सांग," असं भाजीवाल्यापासून साडीवाल्यापर्यंत सगळ्यांना. तिच्या मुलासाठी मुलगी पाहायला गेलो, तिथेही तिने मुलीच्या आईला हेच विचारलं. मी चिमटा काढला, पण ती बाई हसून म्हणाली, "झोपते लय." इंदूताईने बसल्या जागी होकार दिला. परत येताना मला म्हणाली, "खोट सांगणारं घर आहे. आपल्याले आणखी काय पाहिजे?"

रोज पाच वाजता तिच्या ओसरीत आम्ही दोघी बसायचो. चहा तिचा, बडबड माझी. मग तिचे गुडघे गेले आणि मुलगा तिला कायमचं न्यायला येणार असं ठरलं. मी वरवर म्हटलं, बरं झालं, पुण्यात डॉक्टर चांगले. घरी येऊन मात्र जेवले नाही. फोनवर बघता येईल म्हणाल, तर मोतीबिंदूच्या माझ्या डोळ्यांना फोनवरची इंदूताई आणि फोनवरचा दूधवाला सारखेच दिसत. माझ्या मुलाने ठेवलेला मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर मागच्या खोलीत होता, वायफायचा डबा पुढच्या खोलीत, आणि मधे धानाची खोली. वायर ओढली की उंदीर खात. म्हणून अडॅप्टर.

जायच्या आदल्या आठवड्यात इंदूताई काठी टेकत माझ्याबरोबर दुकानात आली. दुकानदाराने काचेवर चार नमुने मांडले. एक नखाएवढा, एक एका शिंगाचा, एक दोन शिंगांचा, आणि एक कॉम्प्युटर उघडून त्याच्या पोटात बसवायचा. मला वाटलं होतं एक असेल, घेऊ आणि येऊ.

"याची खोट सांगा," इंदूताईने नखाएवढा उचलला.

"हा लांबून पकडत नाही, मावशी."

"आणि हा?"

"याला अँटेना आहे, लांबून पकडते. पण फक्त टू पॉइंट फोरचा सिग्नल. हा दोन अँटेनावाला फाइव्हपण पकडते. फाइव्ह फास्ट आहे, पण भिंतीतून नीट जात नाही."

इंदूताई विचारात पडली. "म्हणजे एक बैलबंडी आहे अन् एक मोटारसायकल. पण मोटारसायकल भिंतीले भेते?"

"तसंच समजा."

"मंग या बाईच्या घरी मधात धानाची खोली आहे. तिथं कोणती जाईल?"

"तिथं टू पॉइंट फोरच चालेल."

"तं मंग फाइव्हवाला कायले दाखवून राहिला?"

दुकानदाराने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. माझ्या डोक्यात तोवर दोन आणि पाचाची खिचडी झाली होती. मी एवढंच ताडलं की दोन शिंगं म्हणजे एक जायचं आणि एक यायचं. म्हटलं, "दोन शिंगांचेच द्या. दोन नग."

"दोन कॉम्प्युटर आहेत का?"

"हो. एक इथे, एक पुण्याला."

त्याने लगेच दोन्ही बांधून दिले. मी इंदूताईला समजावलं, एक तुझ्याकडे राहील, एक माझ्याकडे, मग आपली लाइन जुळेल. माझ्या या लाइनची खोट मात्र तिने विचारली नाही. गोळ्यांच्या डब्यात आपला अडॅप्टर ठेवला आणि डबा बॅगेत.

गंमत म्हणजे लाइन जुळली. रोज पाचला इंदूताई पडद्यावर आली की मी विचारायची, "लावलं का?" ती लॅपटॉप तिरका करून दोन शिंगं दाखवायची, तेव्हा कुठे मला धीर यायचा. एकदा म्हणाली, नातू लॅपटॉप घेऊन बसला होता, म्हणून उशीर झाला. मी तिलाच रागावले, की शिंगं आधी लावून ठेवत जा.

मग केबलवाला माझा वायफायचा डबा बदलायला आला. पाचचीच वेळ होती. माझी विचारपूस ऐकून तो नंतर म्हणाला, "बाई, लॅपटॉपले वायफाय आतूनच असते. त्यांचं काढून फेकलं तरी तुमची लाइन चालते." मी त्याच्याशी भांडले. तो गेल्यावर कागदावर चित्र काढून पाहिलं, डबा, भिंत, बाण, पुणे. बाण कुठूनही काढला तरी इंदूताईच्या शिंगांना चिकटेना.

दुसऱ्या दिवशी पाचला मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, इंदूताई, मी मूर्ख आहे, ते काढून टाक, तुझ्या घरचे हसत असतील. तिने मागे वळून दार पाहिलं, मग पडद्याजवळ तोंड आणलं.

"हळू बोल, मास्तरीणबाई. सूनबाई पहिल्याच दिवशी म्हणे, आई, हे काही कामाचं नाही. मी म्हणलं, तुले काय समजते, हे सिहोऱ्याचं आहे. तवापासून हे लावलं का लॅपटॉप कोणी मागत नाही, टीव्ही बारीक करतात, आजी ऊठ म्हणत नाही कोणी. या पूर्ण घरात एवढा एक तास माझा आहे. आता तू शाळा घेऊन त्यायले समजावत बसू नको."