मधल्या सुटीनंतरचा धडा

गमरे सरांनी तो धडा घेतला होता. हे एवढंसं वाक्य मी पाच वर्षांपूर्वी भर सभेत उभं राहून बोलायला हवं होतं. मी उलटंच बोललो. "नाही सर, हे तुम्ही आम्हाला कधी शिकवलंच नाही," असं त्यांच्या तोंडावर म्हणालो, आणि त्या भल्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला. गेल्या महिन्यात सर गेले. बातमी आली तेव्हा मी दुकानात एका नवराबायकोला घराचा नकाशा दाखवत होतो. फोन ठेवला आणि स्वयंपाकघराची खिडकी कोणत्या दिशेला उघडते ते त्यांना पुढे सांगत राहिलो. ते दोघं उठून गेल्यावर मात्र मी दुकानाचं शटर खाली ओढलं.

सखाराम गमरे मूळचे रत्नागिरीकडचे. नोंदणी कचेरीत कारकून म्हणून लागले, हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले आणि वाशीत दोन खोल्यांत राहायला आले. तेव्हा वाशीत माणसांपेक्षा खडीचे ढीग जास्त. आमची सानपाड्याची भाताची खाचरं नव्या शहरासाठी गेली होती. शेती संपली, मिठागरावरचं कामही गेलं, आणि मी घरांचा एजंट झालो. त्यासाठी ना परीक्षा होती ना परवाना. एक टेबल, दोन खुर्च्या आणि बाहेर रंगवलेली पाटी, एवढ्यावर धंदा सुरू. सर एकदा सहज दुकानात आले. मी कुणाचा तरी करारनामा खरडत होतो, तो त्यांनी उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाले, "हरेश्वर, शिंप्याकडे नवा माणूस आला तर त्याला आधी वर्षभर काजं करायला बसवतात. तुम्ही लोक थेट माणसाचं घर कापायला घेता."

त्या बोलण्यातून वर्ग सुरू झाला. आमचं एजंटांचं एक छोटं मंडळ होतं, पंचवीस-तीस जणांचं. सरांनी मंडळाच्या गळी उतरवलं की दर वर्षी आठ रविवार प्रत्येकाने शिकायला बसायचं, आणि जो बसेल त्यालाच त्या वर्षाचं प्रमाणपत्र, सरांच्या सहीचं, दुकानात लावायला मिळेल. "एकदा शिकलो की, दर साल कशाला?" असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, "नियम दर साल बदलतात. गेल्या वर्षीचं डोकं घेऊन यंदाचं घर विकू नका." कायद्याने कुणावर सक्ती नव्हती. पण गिऱ्हाइकं प्रमाणपत्र बघून दुकानात शिरू लागली, आणि आम्हीही निमूट जाऊ लागलो. प्राथमिक शाळेची खोली मिळाली होती. पहिली-दुसरीच्या बाकांत आमचे गुडघे मावत नसत. आमच्या गावचा म्हात्रे, स्वतः एजंटच, मला रस्त्यात हाक मारून चिडवायचा, "काय रं हरेश्वर, शालेन चाललास? आयशीनं डबा दिला का नाय?" आणि मग स्वतःही धापा टाकत माझ्या मागच्या बाकावर येऊन बसायचा.

सर शिकवायचे मात्र मनापासून. सातबारा, वारसनोंद, नवं शहर वसवणाऱ्या महामंडळाची हस्तांतराची परवानगी, भाडेपट्टा… फळ्याकडे तोंड करून लिहीत आणि बोलत. हजेरीची वही सुरुवातीलाच फिरायची. मध्ये दहा मिनिटांची सुटी असायची, पाणी प्यायला. पहिली दोन वर्षं मी शेवटपर्यंत बसलो. मग धंदा वाढला. खाडीपलीकडची, मुंबईची माणसं घरं बघायला रविवारीच यायची. मी सही करायचो, सुटीपर्यंत थांबायचो आणि सुटीत जो पाणी प्यायला उठायचो तो परत यायचोच नाही. मी एकटा नव्हतो. सुटीनंतर निम्मे बाक रिकामे असायचे. सरांची नजर अधू झाली होती, आणि डोकी मोजण्याचा त्यांचा स्वभावही नव्हता.

त्या सभेच्या साधारण दीड वर्ष आधी, एका रविवारी सुटीआधी वारसनोंद झाली आणि सुटीनंतर कुलमुखत्यारपत्र. मी नेहमीसारखा निघून गेलो. मागे राहिलेल्यांना सरांनी काय सांगितलं ते मला फार नंतर, सभेच्या थोडं आधी कळलं. घराचा मालक दुसऱ्या कुणाला तरी आपल्या वतीने सह्या करायचा अधिकार लिहून देतो. पण लिहून देणारा मेला की तो अधिकारही त्याच्याबरोबर संपतो. तेव्हा व्यवहाराच्या आदल्या दिवशी मालक जिवंत आहे याची स्वतः खात्री करा, कागदावर विसंबू नका. एवढंच. दोन मिनिटांची गोष्ट.

त्यानंतर पाचच महिन्यांनी मी सुदाम शिंदेला घर घेऊन दिलं. शिंदे मराठवाड्यातून आलेला, कळंबोलीच्या लोखंडबाजारात क्रेन चालवायचा. घराचा मालक गावी होता, सह्यांचा अधिकार त्याच्या मेहुण्याकडे. कागद स्टँपपेपरवर होता, त्यावर शिक्के होते. मी तो उजेडात धरून पाहिला आणि शिंदेला म्हणालो, "बिनधास्त घ्या." मालक त्याच्या दीड महिना आधीच वारला होता. एक पोस्टकार्ड टाकलं असतं तरी कळलं असतं. वर्षभराने मालकाचे मुलगे वारस म्हणून आले आणि विक्री बाद ठरली. शिंदेने घर रिकामं केलं तेव्हा त्याच्या बायकोने भिंतीवर ठोकलेले खिळेसुद्धा उपटून डब्यात भरून नेले. मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो.

मंडळाने सभा बोलावली, त्याच शाळेच्या खोलीत. शिंदे दाराशी उभा होता, बस म्हटलं तरी बसेना. म्हणाला, "दुकानात सर्टिफिकेट बगूनच गेलो होतो की साहेब. हे शिकीवत न्हाईत व्हय तुमच्यात?" सरांनी हजेरीची वही काढली. त्या रविवारी माझी सही होती. त्यांनी चष्मा सारखा केला आणि शांतपणे विचारलं, "हरेश्वर, हा धडा मी घेतला होता ना?"

त्यांनी मला पकडायला विचारलं नव्हतं. त्यांना खरंच खात्री करून घ्यायची होती. हो म्हटलं असतं तर दोनच अर्थ निघत होते. एक तर मी पळून गेलो होतो, नाहीतर शिकूनही बेफिकीर वागलो होतो. दोन्हींत माझी पाटी उतरली असती. म्हणून मी म्हणालो, "नाही सर. त्या दिवशी तुम्ही वारसनोंद शिकवलीत. ह्याच्याबद्दल काही बोलला नाहीत."

खोलीतल्या कुणीही मला खोडून काढलं नाही. निम्मे माझ्यासारखेच सुटीत पळालेले. जे बसले होते त्यांनाही हेच सोयीचं, कारण शिकवलंच नसेल तर मंडळातल्या कुणाचा दोष राहत नव्हता. म्हात्रे तर चक्क "मना पन आठवत नाय" म्हणाला. सर आपली टिपणांची वही चाळत राहिले. एका पानावर बोट ठेवून त्यांनी ते पुन्हा वाचलं. मग स्वतःशीच म्हणाले, "इथे लिहिलंय… पण लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही." ते उठले, दाराशी गेले, शिंदेसमोर हात जोडले आणि म्हणाले, "माझ्याकडून राहून गेलं. तुमचं घर माझ्यामुळे गेलं." शिंदे गोंधळून माझ्याकडे बघत होता. मी बाकावरच्या शाईच्या डागाकडे बघत होतो.

पुढच्या वर्षी वर्ग भरला नाही. मंडळाची माणसं विनवायला गेली तर सर म्हणाले, "ज्याला आपण काय बोललो ते आठवत नाही, त्याने सही कशाची करायची?" माणूस बदलत गेला. बाजारातून अर्ध्या वाटेवरून परत जायचे, दाराला कुलूप लावलंय का बघायला. बोलता बोलता थांबून विचारायचे, "हे मी तुला मघाशी सांगितलं का रे?" मंडळातल्या एकाच्या मुलीचं लग्न उरणला होतं. तिथून सरांना लाँचने मुंबईत माझगावला लेकीकडे जायचं होतं, म्हणून मी त्यांना जवळच्या मोरा बंदराच्या धक्क्यापर्यंत सोडायला गेलो. लाँच लागली होती. ते पिशवी उघडून आतल्या वस्तू तपासत बसले. चष्मा, औषध, नातवाचा खाऊ. बंद केली, पुन्हा उघडली. लाँच सुटली. आम्ही दोघं धक्क्यावर बसून राहिलो. ते ओशाळून म्हणाले, "शिंदेच्या वेळेपासून डोक्यावर भरवसाच राहिला नाही बघ." सांगायला दुसरी लाँच येईपर्यंतचा सगळा वेळ माझ्याकडे होता… मी त्यांना शहाळं आणून दिलं.

सरांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला मी मागे बसलो होतो. माणसं सरांच्या शिस्तीबद्दल बोलली. कुणी वर्गाची आठवण काढली नाही. त्यानंतर आठवड्याने मी एकटाच त्यांच्या घरी गेलो. काकी, म्हणजे सरांच्या पत्नी, त्यांचं कपाट आवरत होत्या. मला पाणी दिलं आणि आपणहून बोलू लागल्या. "दवाखान्यात न्यायला रिक्षा आली, तर रिक्षात बसून विचारतात, दार लावलंस का गं, मी लावलं का? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी ओरडले. म्हटलं, तुमचं डोकं गेलंय, गप्प बसा आता. तेच शेवटचं बोलणं झालं बघ आमचं. नंतर शुद्ध आलीच नाही."

मी ग्लास खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. सुटीत उठून गेलो ते, सभेत बोललो ते, मोऱ्याच्या धक्क्यावर गप्प बसलो ते.

काकींना समजायला वेळ लागला. हातातला शर्ट त्यांनी घडी करून मांडीवर ठेवला. मग विचारलं, "म्हणजे ते विसरले नव्हते?"

"नाही काकी. सरांचं डोकं शाबूत होतं."

"मग पाच वर्षं मी त्यांना विसरभोळे म्हणत आले… तुझ्या एका शब्दावर?" त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "हे त्यांना सांगायचं होतंस रे. मला सांगून आता मी काय करू? मी कुणाची माफी मागू?"

घरून निघताना मला वाटलं होतं की बोलल्यावर मन थोडं हलकं होईल. प्रत्यक्षात माझं ओझं होतं तिथेच राहिलं आणि त्यांच्या डोक्यावर एक नवं चढलं. तरी जे बोलायला आलो होतो ते बोलल्याशिवाय उठणं हा आणखी एक पळपुटेपणा झाला असता. मी खुर्चीवरून उतरून त्यांच्या समोर जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "काकी, सरांनी तो धडा घेतला होता. मी तिथे नव्हतो, आणि मी खोटं बोललो. त्यांचा मी गुन्हेगार आहे, आणि आता तुमचाही. मला माफ करा."